बारा पेरं

त्या सोमवारी प्रणिता डोर्लेकरला मिळायचं होतं ते असं : दाराला आतून कडी असलेली स्वतःची खोली, दारावर पितळी पाटी, बारा बंदरांवरच्या हात-तपासणी केंद्रांचं प्रमुखपद, आणि मासळीचा वास नसलेली दुपार. बदल्यात द्यायची होती एक सही. इतकं स्वस्त काही मिळायला लागलं की माणसानं आधी मागे वळून बघावं, असं तिची आई म्हणायची. पण आई कोळंबी सोलायची, त्यामुळे तिचं शहाणपण बर्फातच राहायचं.

सही करायची होती तीन वर्षांच्या अहवालावर. रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी कोळंबीचा एक कारखाना होता. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, गावात नुसती 'शेड'. तिथे एकशे सव्वीस बायका बर्फात हात घालून कोळंबी सोलत. हातांत पातळ मोजे असत, पण ते कोळंबी स्वच्छ राहावी म्हणून. गारठ्यापुढे ते असून नसून सारखे.

साल दोन हजार बेचाळीस. होड्या विजेवर चालत, लिलाव मोबाईलवर होई, पण कोळंबीची साल काढायला बाईच्या बोटांची सर असलेलं यंत्र अजून कोणाला जमलं नव्हतं. यंत्र तोडायचं, बाई सोलायची. मात्र मधल्या काळात परदेशी गिऱ्हाइकाचं मन हळवं झालं होतं. त्याला कोळंबी स्वस्त हवी होती आणि ती खाताना वाईटही वाटायला नको होतं. म्हणून पाकिटावर एक चौकोन छापलेला असे. तो मोबाईलनं टिपला की पडद्यावर दोन हिरवे तळहात उमटत : ही कोळंबी सोलणारे हात ठणठणीत आहेत, त्यांतून रक्त नीट वाहतंय. हिरवे हात दिसले की रॉटरडॅममधला माणूस निर्धास्तपणे लिंबू पिळायचा.

हात हिरवे की लाल हे ठरायचं शेडमधल्या तपासणीच्या खोलीत; तिथलं काम बघायची प्रणिता. छताला टांगलेला कॅमेरा, त्याच्या शेजारी लेझरचा लाल उजेड, खाली काळ्या कापडाचं टेबल. बायका या सगळ्याला मिळून 'दिवा' म्हणत. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीनं दिव्याखाली हात ठेवायचे.

दिव्याचं गणित असं. लेझरचा उजेड कातडीवर पडला की तिथे दाणेदार चमचम दिसते, ओली वाळू उन्हात चमकते तशी. कातडीखाली काही हलत नसेल तर दाणे जागच्या जागी राहतात. रक्ताच्या पेशी धावत असतील तर दाणे थरथरतात आणि फोटोत पुसट होतात. जितकं पुसट, तितकं रक्त जास्त. यंत्र हे पुसटपण मोजून चित्राला रंग देतं : भरपूर रक्ताला लाल, बेताच्याला पिवळा, कमीला निळा, आणि जिथे काहीच हलत नाही तिथे काळा. मग दोन्ही हातांची सरासरी काढून एकच आकडा पुढे करतं. पन्नासच्या वर असला की पाकिटावर हिरवा हात. सरासरी ही एकत्र कुटुंबासारखी असते. एखादं बोट मरायला टेकलं तरी बाकीची नऊ मिळून घराचं नाव राखतात.

पण हा आकडा म्हणजे लिटर नव्हे की ग्रॅम नव्हे. तो फक्त कालच्या हाताशी आजच्या हाताची तुलना करायच्या कामाचा. आणि हातातलं रक्त भारी लहरी. चहाचा गरम पेला धरला, वाढलं. मिश्री लावली, घटलं. सासूचा फोन आला, आणखी घटलं. म्हणून नियम घातले होते : खोलीत तेवीस अंश, हात उघडे ठेवून वीस मिनिटं गप्प बसणं, तासभर आधी चहा आणि मिश्री बंद. चौथं कलम होतं, 'हात स्वच्छ व कोरडे असावेत.' या पाच शब्दांकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. सगळा घात त्यांनीच केला.

तीन वर्षांपूर्वी यंत्राची परीक्षा याच शेडमध्ये झाली. यंत्र भरवशाचं आहे हे दाखवायची रीत सोपी होती. एका बाईचा हात आज मोजायचा, तोच उद्या मोजायचा. दोन आकड्यांतला फरक शेकडा दहाच्या आत हवा. पहिल्या पंधरवड्यात तो आला अडतीस. यंत्र बनवण्यात नऊ वर्षं घालवलेले पुण्याचे डॉक्टर तुळपुळे जेवेनासे झाले.

त्यातल्याच एका सकाळी प्रणिताची आई शेडमधून थेट तपासणीला आली. तिचं नाव सुगंधा. मासेमार खारव्याच्या पोरीचं नाव सुगंधा ठेवणाऱ्या आजोबांना एक तर विनोद कळत असावा किंवा भविष्य अजिबात कळत नसावं. तुळपुळे तिचे हात बघायला वाकले आणि, मनात वाईट काही नव्हतं, खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला. सुगंधाबाईंनी हात मागे घेतले आणि पदराखाली लपवले. 'आई इथेच नोकरीला असते' एवढंच सांगून थांबलेली प्रणिता जमिनीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराबाहेर एक बादली आली. कढत पाणी, चिरलेली लिंबं, वाटीभर बेसन. "आत जायच्या आधी हात खसखसून धुवायचे हं," प्रणिता म्हणाली, "चौथ्या कलमात लिहिलंय." बायका खूश झाल्या. वास घेऊन कोणासमोर बसायला कोणाला आवडतं? "बायनं लाज राखली," असं आठवडाभर चाललं होतं.

आणि त्याच आठवड्यात फरक अडतीसवरून सहावर आला. तुळपुळे जेवू लागले. का आला याची चौकशी कोणी केली नाही; चौकशी माणूस तोट्याची करतो, नफ्याची नाही.

परवाना मिळाला. दिवा बारा बंदरांवर गेला. तिथल्या मुलींना प्रणितानंच शिकवलं, म्हणून बादलीही बारा बंदरांवर गेली. हात ठणठणीत आहेत हे शास्त्रानं सिद्ध झाल्यावर शेडनं बर्फातली पाळी सहा तासांवरून नऊ तासांवर नेली. हिरव्या हाताला कोण नाही म्हणणार.

आता परवान्याच्या नूतनीकरणाला तुळपुळे सोमवारी येणार होते. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, प्रणिता मागच्या पडवीत चहा पीत बसली होती. आई समोर सुपात लसूण निवडत होती.

"आई, सुर्वे सांगत होता, तुझी मोजदाद चुकते हल्ली," प्रणिता म्हणाली. सुर्वे शेडचा मुकादम.

"सुर्व्या शेंबूड पुसायला शिकला नव्हता तेव्हापासून मी ट्रे मोजत्ये. पडद्यावर बघून मोजणाऱ्यानं बोटांवर मोजणारीला शिकवू नये, म्हणावं."

"बरं, मग काल किती ट्रे?"

सोलणाऱ्या सगळ्याच बायका पेरांवर मोजत. अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवायचा आणि एकेक पेर चढायचं. एका बोटाची तीन, चार बोटांची बारा. एक हात झाला की एक डझन ट्रे. नजर कोळंबीवर असते, म्हणून हाताकडे बघायचं नाही. अंगठ्याला पेर लागलं की एक धरायचा. सुगंधाबाईही बघत नव्हत्या. अंगठा करंगळीची तीन चढला, अनामिकेची तीन चढला, मधल्या बोटाची दोन चढून थेट तर्जनीवर गेला, तिथलीही दोनच चढला.

"एक हात झाला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा करंगळीवर आल्या.

"आई, दहा झाली."

"बारा."

"परत कर बघू."

त्यांनी परत केलं. अंगठा त्या दोन टोकांवर टेकत होता. टेकल्याचं त्यांना कळत नव्हतं. आणि जे लागलं नाही ते मोजायचं कसं?

प्रणितानं चहा खाली ठेवला आणि आईचा उजवा हात ओढून घेतला. दोन बोटांच्या टोकांना हळद भरून जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या.

"काटा लागला कोळंबीचा," आई म्हणाली.

"दोन्ही बोटांना?"

"कोळंबीला काय एकच काटा असतो?"

चिंध्या सोडल्या. आतलं मांस जांभळ्या रंगाचं होतं आणि नखाच्या कडेला कोळशानं टिंब द्यावं तसं काळं. प्रणितानं दाबलं. "दुखतं?"

"आता नाही. दिवाळीपर्यंत फार दुखायचं, रडवायचं मेलं. आता अगदी बरं आहे."

दुखायचं थांबलेलं बोट बरं झालेलं नसतं, एवढं प्रणिता शिकली होती.

"मला बोलली का नाहीस?"

"तुझ्या दिव्यानं हिरवं दिलं होतं ना गो. पोरीचं यंत्र म्हणतंय बरं आहे, तर बरंच असेल. चारचौघींत तुला खोटं कशाला पाडायचं?"

रविवारी शेड बंद असे. खोलीची किल्ली प्रणिताकडे होती. तासाभरात दोघी दाराशी आल्या. आई सवयीनं खाली बघायला लागली.

"बादली कुठाय?"

"आज बादली नको."

"लसणाचा वास येतोय हातांना. कालचा कोळंबीचा आहे तो वेगळाच."

"असू दे. आज कोणी नाही, मीच आहे."

"तू आहेस म्हणूनच विचारत्ये," आई म्हणाली आणि आत जाऊन खुर्चीवर बसली.

प्रणितानं खोलीचं तापमान लावलं. तेवीस अंश. वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं किती लांब असतात हे तीन वर्षांत तिला कधी जाणवलं नव्हतं. कारण दाराबाहेर शेकून आलेल्या बायका आत येऊन पाच मिनिटांत हात ठेवत आणि ती ठेवू देत असे. रांग लांब असायची.

तिनं दिवा लावला. पडद्यावर तळहात उमटला, पिवळसर. त्यातून बोटं वर चढू लागली आणि दुसऱ्या पेरापाशी संपली. तर्जनी आणि मधलं बोट तिथून पुढे काळं होतं, बाकीची निळी. हाताची वरची कड कोणी रबरानं खोडून टाकावी तसं चित्र. आकडा : एकतीस.

"काय दिसतंय?" आईनं विचारलं.

"थांब जरा."

तिनं किटलीत पाणी तापवलं, बादलीत ओतलं, आईला हात धुवायला लावले, पुसले आणि पुन्हा दिव्याखाली ठेवले. तळहात लालभडक. बोटंसुद्धा लाल-पिवळी; काळी टोकं ओढूनताणून निळी झालेली. आकडा एकाहत्तर. कोपऱ्यात हिरवा हात उमटला, टिंग असा आवाजही झाला. वीस मिनिटं थांबून तिनं तिसऱ्यांदा मोजलं. लाल रंग ओहोटीसारखा मागे गेला होता आणि बोटं पुन्हा दुसऱ्या पेरापाशी संपत होती.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. पहिल्या वेळी त्यानं आईचा हात सांगितला, दुसऱ्या वेळी बादली. तीन वर्षं, बारा बंदरं, आणि दिव्यानं इमानेइतबारे एकच गोष्ट मोजली होती : गरम पाणी. गरम पाणी आज जितकं गरम, तितकंच उद्या. मग आकडे जुळणार नाहीत तर काय? बंद पडलेलं घड्याळ कितीदाही बघा, दर वेळी तेच वाजलेले असतात. त्याच्याइतकं भरवशाचं घड्याळ दुसरं नाही.

तिनं जुने तक्ते उघडले. सानिका, वय एकोणीस, बाहत्तर. सुगंधा, वय चौपन्न, एकाहत्तर. रेहाना, सत्तर. वनिता, त्र्याहत्तर. एकशे सव्वीस बायका, एकशे सव्वीस तऱ्हेचे संसार, कोणाचं बाळंतपण, कोणाची साठी जवळ आलेली, आणि हात सगळ्यांचे एकाच साच्यातून काढल्यासारखे. हा तक्ता तिनं दर तिमाहीला सुबक छापून पुण्याला पाठवला होता. पुण्यानं तो आणखी सुबक छापला होता.

टेबलाच्या कडेला टेकलेला तिचा स्वतःचाच हात उजेडात आला. पडद्यावर तिचीही बोटं निळी होती. क्षणभर तिला वाटलं, ही लागण आहे. मग आठवलं, भीतीनंही हातातलं रक्त मागे सरतं. भीती पहिल्यांदाच तिला रंगात दिसत होती.

"सांग तरी काय ते," आई म्हणाली.

"उद्यापासून तू बर्फात हात घालायचा नाहीस."

"आणि बाकीच्या?"

प्रणितानं यंत्र बंद केलं आणि थेट रेहाना होडेकरचं घर गाठलं. सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी अकरा जणी खोलीत आल्या. त्यांना आणलं रेहानानं. शेडमध्ये मुकादमापेक्षा तिचा शब्द जास्त चाले. बादली नाही म्हटल्यावर सगळ्याच दाराशी अडल्या.

"असे हात घेऊन आत?" वनिता म्हणाली. "पुण्याचा डॉक्टर यायचाय आज."

"तो काय तुझं बोट चोखणार आहे?" रेहाना म्हणाली. "बस गो."

वीस-वीस मिनिटं एका रांगेत, हात मांडीवर उघडे. गप्पा बंद म्हटल्या तरी सानिकाला राहवेना. "ताई, सकाळी उठल्यावर माझी बोटं पांढरीफेक असतात. मला वाटायचं, कारखान्याच्या पाण्यानं गोरी होतेय." सगळ्या हसल्या. तिचा हात उमटला तेव्हा प्रणितानं पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

अकरापैकी नऊ जणींची बोटं निळी-काळी. सानिका धरून.

बायकांना रंगांचा अर्थ सांगावा लागला नाही. रेहानानं स्वतःचं चित्र दोनदा पाहिलं, मग दार लोटून घेतलं. "बाय, हे तू लिहिणार?"

"लिहावं लागेल, भाबी."

"लिहिलंस की चौकोन लाल. चौकोन लाल की गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक गेलं की शेडला टाळं. मग चांगली राहिलेली बोटं घेऊन मी काय करू, मोजत बसू?"

"नाही लिहिलं तर मोजायलाही राहायची नाहीत."

दोघींचं खरं होतं, हीच पंचाईत. रेहानानं लोटलेलं दार उघडलं. "तुझ्या बादलीला आम्ही दुवा दिली होती," ती म्हणाली आणि बर्फाकडे गेली. सगळ्याच गेल्या. पाळीची घंटा झाली होती.

तुळपुळे अकराला आले. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तसाच, परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा. त्यांनी पेढे आणले होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी पाटी. 'प्रणिता डोर्लेकर, केंद्रप्रमुख.' पाटी त्यांनी टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवली.

प्रणितानं काही प्रस्तावना केली नाही. 'माझ्या आईचा हात' म्हणत तिन्ही चित्रं ओळीनं लावली, मग अकरा जणींची, मग तीन वर्षांचा तक्ता. तुळपुळे आधी उभे होते, तक्त्यापर्यंत बसले.

"चौथं कलम माझंच," ते म्हणाले. "स्वच्छ आणि कोरडे. गरम असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, सर. गरम नकोत असंही नाही लिहिलं."

"तुमच्या आईंना मधुमेह वगैरे?"

"नाही."

"तपासून घेऊ. असू शकतो." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे बघा प्रणिता, बारा बंदरं आहेत. आज एकदम सांगितलं तर यंत्रावरचा विश्वास जाईल, आणि हे यंत्र गेलं तर या बायकांकडे बघणारं दुसरं काही नाही. तुम्ही सही करा. पुढच्या तिमाहीपासून पाणी जरा कोमट, मग त्याहून कोमट. आकडे सावकाश उतरतील. मग आपण म्हणू, पाळी कमी करा. कोणाला धक्का नको."

"एका तिमाहीत किती बोटं जातील, सर?"

"ते मोजलेलं नाही."

ते लबाड नव्हते, घाबरले होते. आणि घाबरलेल्या माणसाचं बोलणं दुसऱ्या घाबरलेल्या माणसाला फार पटतं. प्रणितानं पेन उचललं. सावकाश, कोणाला धक्का न लावता. बादली कोणी ठेवली हे कधीच कोणाला कळणार नाही. ती सहीच्या ओळीपर्यंत गेलीसुद्धा.

तेवढ्यात दार उघडलं आणि सुगंधाबाई आत आल्या. अंगावर शेडचा एप्रन, कोपरापर्यंत ओले हात, कोळंबीच्या सालीचे तुकडे चिकटलेले. लेकीनं बजावूनही त्या सकाळी पाळीवर गेल्या होत्या.

"आई, तुला सांगितलं होतं—"

"ऐकलं होतं मी." त्यांनी खुर्ची ओढली. "मी वीस मिनिटं बसत्ये. तोवर तुमचं चालू द्या."

त्यांनी हात एप्रनला पुसले आणि मांडीवर उघडे ठेवले. बंद खोलीत वास पसरला. एका सकाळच्या कामाचा, अडतीस वर्षांचा. तुळपुळ्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. रुमाल बाहेर आला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"लावा हो नाकाला," सुगंधाबाई म्हणाल्या. "मला नाही वाईट वाटायचं. मागल्या खेपेलाही नव्हतं वाटलं तेवढं. हिला वाटलं. त्याचंच तर हे सगळं झालं."

प्रणितानं पेन खाली ठेवलं. तीन वर्षं तिनं ही गोष्ट स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. आईनं ती बादलीच्या पहिल्या दिवशीच ओळखली होती आणि तरीही दर खेपेला हसत हात धुतले होते.

घड्याळ चालत राहिलं. बाहेर ट्रे सरकत होते. विसाव्या मिनिटाला आईनं स्वतःच दिव्याखाली हात ठेवला. काळी टोकं कालच्यापेक्षा खाली आली होती, बर्फाच्या एका सकाळीत. तुळपुळे पडद्याजवळ गेले, मग वळून खऱ्या हाताजवळ. रुमाल टेबलावर राहिला. त्यांनी ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली.

"हे कधीपासून, बाई?"

"माझी मोजदाद चुकायला लागली तेव्हापासून."

सही प्रणितानं केलीच. फक्त जागा बदलली. अहवालात छापलेल्या चौथ्या कलमाखाली कोऱ्या जागेत तिनं लिहिलं : 'तपासणीपूर्वी सर्व हात कढत पाणी, लिंबू व बेसन लावून चोळले जात होते. तीन वर्षांतील सर्व आकडे त्या पाण्याचे आहेत. बादली मी ठेवली. प्रणिता सुगंधा डोर्लेकर.' तुळपुळ्यांनी खाली आपलंही नाव घातलं.

आता कोणाचं काय झालं ते. रॉटरडॅमच्या माणसानं तीन आठवडे कोळंबीऐवजी कोंबडी खाल्ली. शेडला चार महिने टाळं होतं. उघडली ती सहा तासांच्या पाळीनं, उबदार मोज्यांनी आणि एकशे सव्वीसच्या जागी ऐंशी बायकांनी. बारा बंदरांवर बादलीशिवाय मोजणी झाली, तेरा हजार बोटांची. निळी निघाली दोन हजारांच्या घरात, कापावी लागली एकतीस पेरं. तुळपुळ्यांनी यंत्रावरचा जुना शोधनिबंध मागे घेतला आणि भरवसा आणि सत्य यांत फरक काय यावर नवा लिहिला. तो पहिल्यापेक्षा जास्त वाचला गेला; व्याख्यानाला तीन देशांतून बोलावणी आली. पितळी पाटी ते घेऊन गेले, ती कुठे आहे माहीत नाही. प्रणिताची खोली दुसऱ्या मुलीला मिळाली. सानिका तरुण, तिची बोटं परतली आणि तीही परतली. रेहानाला शेडनं घेतलं नाही : नोंदीत तिची बोटं निळी होती, आणि निळ्या बोटांना कामावर घ्यायला आता नियमानंच बंदी होती. ती बाजारात दिसते. प्रणिताशी बोलत नाही.

सुगंधाबाईंच्या हाताचे टाके पावसाळ्याआधी निघाले. त्यानंतरच्या एका दुपारी त्या पडवीत बसल्या होत्या.

"कोणाकोणाला भोवलं गो शेवटी?" त्या म्हणाल्या. "नावं घे. मी मोजत्ये."

प्रणिता शेडमधली एकेक घेत गेली. रेहानाभाबी. वनिता. अंजनी. पलीकडच्या वाडीतली मुमताज. अंगठा करंगळी चढला, अनामिका चढला, मधल्या बोटाची दोन पेरं चढला आणि तिसऱ्याच्या जागी हवेत मिटला. तर्जनीलाही तेच झालं.

"एक हात झाला," आई म्हणाली. "बारा."

"हो," प्रणिता म्हणाली. "बारा."

नावं दहाच झाली होती; उरलेली दोन तिनं मोठ्यानं घेतली नाहीत. पदराआड हात नेऊन स्वतःच्या बोटांवर मोजली.